वाऱ्याचा वाटा

हवेतून किती जस्त खाली पडतं हे मोजण्यासाठी मी तीन महिने आमच्या गच्चीवर जस्ताची बादली ठेवली होती.

पुन्हा वाचू नका, बरोबर वाचलंत. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा दिलेली, न्हाणीघरात नळाखाली असते ती साधी बादली. आणि मी कोण, तर रसायनशास्त्रातला एम.एस्सी., तोही प्रथम श्रेणीत. निकालाच्या दिवशी वडिलांनी सगळ्या आळीत पेढे वाटले होते. पुढे हा किस्सा त्यांच्या कानावर गेला असता तर घरोघर फिरून ते पेढे त्यांनी परत मागितले असते. म्हणून मी तो जाऊच दिला नाही.

भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. काम सरळ होतं. तांब्याची तार आली की तिचा तुकडा तपासायचा, तेल आलं की त्यात पाणी आहे का बघायचं, आणि दुपारी भोंगा झाला की स्कूटर काढून जेवायला घरी यायचं. वसाहत नीटनेटकी होती. दुमजली क्वार्टर्स, पुढे जास्वंद, मागे कपडे वाळत घालायच्या तारा. आम्ही वरच्या मजल्यावर. खाली कोल्हापूरकडचे एक काका राहायचे. कारखान्यातल्या पितळेच्या भट्टीचे ते फोरमन. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, भुवया करड्या, आवाज भट्टीवर ओरडून ओरडून कायमचा चढलेला. त्यांनी नुसतं ‘चहा टाक’ म्हटलं तरी वर आमची बायको गॅसजवळ जायची.

एकदा आमचे बडे साहेब दिल्लीला कसल्याशा बैठकीला गेले आणि येताना डोक्यात नवा विषय घेऊन आले. माणूस जमिनीच्या पोटातून धातू काढतो, वितळवतो, जाळतो, घासतो. त्यातला थोडा थोडा धुराबरोबर आणि धुळीबरोबर वर जातो, वाऱ्यावर हिंडतो आणि ज्याचा त्या धातूशी काही संबंध नाही अशा कुणाच्या तरी अंगणात उतरतो. हे सगळीकडे चाललंय, आणि आपल्याकडे कुणी मोजत नाही. बैठकीत हे ऐकून साहेब अस्वस्थ झाले होते. त्यातच वसाहतीतल्या बायकांनी अर्ज दिला होता की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर करडी भुकटी बसते.

“पता तो चले, अपने सिर पर क्या गिर रहा है,” साहेब मला म्हणाले. “तुम्हारे पास मशीन भी है।”

यंत्र होतं खरं. द्रावण ज्वालेत फवारलं की त्यात कुठला धातू किती आहे ते सांगायचं. नवं होतं, आणि ते चालवता येणारा मी एकटाच असल्यामुळे मला जरा जास्तच वाटायला लागलं होतं. पद्धत मी पुस्तकातून काढली. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी उंचावर उघडी ठेवायची, तळाला शुद्ध पाणी, पडणारी धूळ आणि पाऊस त्यात गोळा करायचा, धातू भांड्याला चिकटू नये म्हणून त्यात थोडं आम्ल घालायचं, आणि महिन्याच्या महिन्याला तपासायचं. मी भांडारात मागणीपत्रक भरलं: बरणी, प्लास्टिक, रुंद तोंडाची, एक.

आता सरकारी भांडाराची एक रीत आहे. मागितलेली वस्तू नसली तरी माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. त्याच कामाची दुसरी वस्तू देतात आणि कागदावर ‘ऐवजी’ असं लिहितात. एकदा मला फुटपट्टीऐवजी टेप आणि एकदा पंख्याऐवजी खिडकीचा पडदा मिळाला होता. या वेळी बरणीऐवजी बादली मिळाली. मी सही केली.

तुम्ही म्हणाल, एम.एस्सी. झालेल्या माणसाला बादली हातात घेताना काहीच वाटलं नाही? वाटलं. प्लास्टिकपेक्षा दणकट आहे, माकडं पाडणार नाहीत, असं वाटलं. पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते. प्रयोगशाळेत आम्हाला शिस्त अशी की धातू मोजायचं कुठलंही भांडं आधी सौम्य आम्लानं विसळायचं. मी बादली आम्लानं विसळली. आतून बुडबुडे आले. भराभर आले. मी खूश झालो. म्हटलं, बघा, किती मळ होता!

मग ती गच्चीवर ठेवली, पाणी ओतलं, आम्ल घातलं, माकडांसाठी वर जाळी बांधली. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तीन महिने मी मोठ्या निष्ठेनं तिची सेवा केली. बायको माहेरची इंदूरची. जिन्यात उभी राहून विचारायची, “अहो, रोज वर जाऊन काय करून राहिलात?”

“आकाशातून काय पडतं ते बघतोय.”

“काही चांगलं पडलं तर खाली आणा.”

यंत्रानं सांगितलं, शिसं थोडं, तांबं थोडं, लोखंड ठीकठाक, आणि जस्त म्हणाल तर काटा टोकाला जाऊन अडकला. मी द्रावण पातळ केलं. तरी टोकाला. आणखी पातळ केलं. शुद्ध पाणी तपासलं, ते स्वच्छ. आम्ल तपासलं, ते स्वच्छ. मी सगळं तपासलं, एक भांडं सोडून. आणि भांडं कशाला तपासू? ते तर मी आम्लानं विसळलं होतं!

अख्ख्या कारखान्यात जस्त वितळत होतं ते एकाच ठिकाणी. तांब्यात जस्त मिसळून पितळ करतात, आणि पितळ व्हायचं काकांच्या भट्टीत. मी अहवालात तसं लिहिलं. ‘अंगुलिनिर्देश’ असा एक शब्दही घातला, तो मला फार आवडला होता. समिती बसली आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पितळेची भट्टी बंद ठेवायचं ठरलं. लागणारे पितळी सुटे भाग तोवर बाहेरून आणायचे.

बंद भट्टीला फोरमन लागत नाही. आठवड्याभरात काकांच्या हातात कागद आला. मार्चअखेर भट्टी सुरू झाली नाही तर कारखान्याच्या पार समुद्रकाठच्या शाखेत बदली. त्यांची मुलगी बारावीला होती आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. भट्टीवरची सहा माणसं तोवर माल चढवायला-उतरवायला लावली. काका सकाळी कामावर जायचे, थंड भट्टीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. खालून आवाज येईनासा झाला. बायको म्हणाली, “काकांचा चहा हल्ली कधी होतो ते कळतच नाही.”

मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात ऐट होती. सत्य कडू असतं वगैरे मी आरशासमोर दाढी करताना स्वतःला सांगत असे.

मग एका रविवारी बायकोनं गच्ची धुवायला काढली आणि वरून हाक मारली. गेलो तर ती बादलीत डोकं घालून उभी.

“ही तर आतून पूर्ण गंजली! तीन महिन्यांत? आमच्या आईकडची बारा वर्षं झाली, अजून चकचकीत आहे. कसलं पाणी घालत होतात हिच्यात?”

मी वाकून बघितलं. काठाशी, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथं जस्ताची चांदणी-चांदणी नक्षी शाबूत होती. त्याखाली नुसतं तांबूस लोखंड. जस्त गेलं होतं. कुठं गेलं होतं ते जगात फक्त मला माहीत होतं. मी ते बाटल्यांत भरून, वर चिठ्ठ्या लावून, ज्वालेत फवारून मोजलं होतं आणि त्याबद्दल खालच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं.

“काय झालं? घाम कशानं आला तुम्हाला?”

“ऊन आहे.”

“डिसेंबर आहे.”

आता शहाण्या माणसानं त्याच क्षणी जिना उतरून काकांचं दार वाजवलं असतं. मी जिना उतरलो, काकांच्या दारासमोर उभा राहिलो, जास्वंदीचं एक पान तोडलं आणि परत वर आलो. माझं म्हणणं असं होतं, की चूक झाली हे सांगायचं तर बरोबर काय तेही हातात पाहिजे. आधी नीट मोजू. भट्टी बंदच आहे, तेव्हा आता हवेत जस्त सापडणार नाही. तो कोरा निकाल घेऊन समितीसमोर जाऊ आणि काकांना सन्मानानं भट्टीवर बसवू. तेवढ्यात माझी बादली कुणी बघणारही नाही, हेही मनात होतं. नव्हतं कशाला म्हणू?

बायकोच्या लोणच्याच्या चार प्लास्टिकच्या बरण्या मी मागितल्या. कारण सांगावं लागलं. ती हसली नाही, हेच मला जास्त लागलं. “खालच्यांना सांगितलंत?” एवढंच विचारलं. “मोजून सांगतो,” म्हटलं. तिनं बरण्या दिल्या, झाकणं स्वतःकडे ठेवली.

एक बरणी आमच्या गच्चीवर. दुसरी आनंद नगरला एका ओळखीच्यांच्या छपरावर. तिसरी महाराणा प्रताप नगरात, जिथं आमचे अहवाल टंकून मिळायचे त्या दुकानाच्या माडीवर. चौथी मुद्दाम लांब, रायसेन रोडनं बरंच पुढे, एका शेतातल्या खोपटावर. तिथं ना भट्टी, ना वाहनं, नुसता हरभरा. ती माझी शुद्ध हवा. प्रत्येक रविवारी स्कूटरवरून चारही ठिकाणी जाऊन मी बरण्यांची विचारपूस करायचो. आनंद नगरचे गृहस्थ मला बघून घरात हाक द्यायचे, “अरे, आसमानवाले आ गए, कुर्सी लाओ!”

जानेवारीअखेर निकाल आले आणि मी गोंधळलो. तो गोंधळ अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जस्त होतं. बादलीएवढं नाही, पण चारही बरण्यांत होतं. भट्टी थंड आणि तरी जस्त. रस्त्याजवळच्या दोन बरण्यांत शिसं भरपूर होतं. ते एक वेळ कळलं, त्या काळी पेट्रोलमध्येच शिसं घालत. भोंगा झाला की फाटकातून शेकडो स्कूटरी सुटायच्या, त्यांतली एक माझी. म्हणजे बरण्या बघायला जाताना मीच त्यांत शिसं घालत होतो. पण शेतातल्या बरणीतही शिसं? हरभऱ्याला स्कूटर कुठली?

मग मनात आलं, मातीतही हे धातू मुळातच असतात, धूळ उडाली की तेही उडणार. त्यातलं निसर्गाचं किती आणि आपलं किती, हे कसं ओळखायचं? पुस्तकात एक युक्ती होती. मी ती बायकोला चिवड्यावर समजावली. डब्यातल्या चिवड्यात पोह्यांना दाणे किती हे ठरलेलं असतं. पाहुण्याच्या बशीत पोहे थोडे आणि दाणेच दाणे दिसले, तर ते मुठीनं डब्यातून आलेले नाहीत, कुणीतरी वरून घातलेत. तसं मातीत लोखंडाच्या मानानं जस्त किती हे ठाऊक असतं. बरणीत त्यापेक्षा जास्त सापडलं तर ते माणसानं वरून घातलेलं.

“मग सापडलं का जास्त?”

“चारही बरण्यांत. शेतातसुद्धा.”

“मग कुणी घातलं?”

इथं मी अडकायचो. मी कागदावर यादी करायला बसलो आणि यादी संपेना. रात्रपाळीचे पहारेकरी थंडीत फाटकावर जुने टायर जाळायचे, टायरच्या रबरात जस्त असतं. न जाळलेले टायर रस्त्यावर घासून झिजतात, ते जस्त धुळीत जातं. कारखान्याच्या शेडवर सगळे जस्ती पत्रे. दगडी कोळशाच्या प्रत्येक शेगडीतून चिमूटभर शिसं, चिमूटभर जस्त वर जातं. रायसेन रोडच्या कडेला एक जण जुन्या बॅटऱ्या फोडून कढईत शिसं वितळवायचा. दिवाळीच्या रंगीत फटाक्यांचे रंग म्हणजे धातूच. आणि या सगळ्यांपलीकडे कुठली कुठली शहरं, त्यांचे धूर, तिकडून येणारा वारा. वाऱ्याला विचारणार कसं की बाबा, यातलं कोळशाचं कुठलं आणि टायरचं कुठलं? एकदा वर जाऊन मिसळलं की सगळं सारखंच.

मी निष्कर्ष काढला की निदान भट्टी तरी सुटली. बंद असतानाही जस्त पडतंय म्हणजे काका निर्दोष. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी शेवटी त्यांच्याकडे गेलो.

काका पुढच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बादली, आम्ल, बुडबुडे, गंज. दारात काकू उभ्या होत्या, त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील. उठले नाहीत.

“बसा की,” म्हणाले. “उभं राहून किती सांगणार.”

मी बसलो. “काका, चूक माझी आहे. मी समितीसमोर सांगणार. तुमची भट्टी निर्दोष आहे.”

“निर्दोष?” काकांचा जुना आवाज पहिल्यांदा परत आला. “कोण म्हणालं?”

“मी म्हणतोय. भट्टी बंद असताना मोजलंय.”

“ओ लॅबवाले साहेब, पितळ ओतताना कधी बघितलंय?”

बघितलं नव्हतं. माझ्या खोलीपासून भट्टी चालत पाच मिनिटांवर होती आणि पाच वर्षांत मी तिथं एकदाही गेलो नव्हतो.

“तांबं आधी वितळतं,” काका सांगू लागले. “रसरशीत झालं की त्यात जस्ताच्या विटा सोडायच्या. जस्ताला ती धग सोसत नाही. ते उकळतं, वर येतं आणि पेटतं. हिरवट ज्वाळा. मग पांढरा धूर, आणि त्यातनं कापसासारखे पुंजके तरंगत राहतात. भुवईवर बसतात, मिश्यांवर बसतात. म्हणून तर वीट हिशेबापेक्षा एक जास्त टाकायची. माझ्या उस्तादानं शिकवलं. पाच टाकायच्या असल्या तर सहावी वाऱ्याची. ती नाही टाकली तर पितळ लाल येतं, माल परत येतो. वाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवायचा, मग आपला.”

“दर वेळी?”

“दर वेळी. वीस वर्षं.”

मी मनात गुणाकार करायला गेलो आणि सोडून दिला. तीन महिने मी छपरावर जे शोधत होतो ते या माणसाला विटेच्या मापानं पाठ होतं. पायऱ्या उतरून विचारलं असतं तरी पुरलं असतं.

“पण मग आता बरणीत जस्त कुठून आलं? तुमची भट्टी तर बंद!”

“पडलेलं तिथंच राहतं होय? शेडच्या पत्र्यावर बोटभर थर आहे आमच्या. वारा सुटला की उठतो, पुन्हा कुठंतरी बसतो. पुन्हा उठतो.” काकांनी समोरच्या जास्वंदीकडे हात केला. “त्या पानांवर माझं किती आणि तुमच्या स्कूटरचं किती, सांगा बघू.”

काकू मधेच म्हणाल्या, “आणि सोमवारचा ताप सांगा की त्यांना.”

“तू गप.”

“रविवारी सुट्टी झाली की सोमवारी संध्याकाळी हुडहुडी भरते, साहेब. सहाच्या सहा जणांना. सकाळपर्यंत उतरतो. गूळ आणि दूध देते मी. भट्टी बंद झाल्यापास्नं एकदाही आला नाही.”

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हे तुम्हाला घरात बसून सांगितलंय. समितीत बादलीचं तेवढं सांगा. माझी पोरगी बारावीला आहे.”

मी मान हलवली. जिना चढताना मला काही सुधरत नव्हतं. मी चुकीचं मोजलं, खोटा निकाल दिला, आणि ज्याच्यावर आळ घेतला तो म्हणतो मी खरंच टाकतो. मग मी चुकलो की नाही? आळ खोटा होता की खरा? बायकोला विचारलं तर म्हणाली, “दोन्ही. आता बादलीचं सांगून मोकळे व्हा आणि बाकी तोंड बंद ठेवा. काकांनी तेवढंच मागितलंय.”

समिती मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसली. लांब टेबल, एका टोकाला बडे साहेब, बाजूला सुरक्षा अधिकारी, कामगारांचे एक प्रतिनिधी, आणि भिंतीपाशी खुर्चीवर काका, इस्त्रीच्या शर्टात. मी उभा राहिलो आणि बादलीची कबुली दिली. बुडबुड्यांपर्यंत आलो तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांनी रुमाल तोंडाला लावला. कामगारांचे प्रतिनिधी उघड हसले. बड्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, जणू त्यांना बादली समोर दिसत होती.

“मतलब, तुमने बाल्टी नापी?”

“जी.”

“हवा नहीं?”

“जी नहीं. बाल्टी.”

साहेबांनी माझ्या जुन्या अहवालावर आडवी रेघ मारली. म्हणाले, हा रद्द. भट्टी उद्यापासून सुरू, बदलीचा कागद मागे. काकांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, ते मला तिथून दिसलं. मी बसायला लागलो. अर्धा खाली गेलोही होतो. तेवढ्यात साहेबांनी, मला वाटतं सहज, टिपणात लिहून घेण्यापुरतं विचारलं:

“तो हम लिख दें, भट्टी से ऊपर कुछ नहीं जाता?”

हो म्हणायचं होतं. एक शब्द होता. काका खिडकीतून बाहेर बघत होते. आणि मला काय झालं देव जाणे, मला काकूंचा गूळ आठवला, सहा माणसं आठवली, माझ्या चार बरण्या आठवल्या, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरोबर सांगू शकतो असंही वाटलं. हा शेवटचा भाग मोठा होता, हे मान्य करतो. मी अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच म्हणालो, “जाता है, सर. हर बार एक ईंट जाती है।”

मग साहेबांनी विचारलं, “कैसी ईंट?” आणि मग मला थांबता आलं नाही. सहावी वीट, हिरवट ज्वाळा, पत्र्यावरचा थर, सोमवारचा ताप. काका अजूनही खिडकीतून बाहेरच बघत होते. मी त्यांच्या बाजूनं बोलतोय असं मला खरोखर वाटत होतं. मी असंही म्हणालो की शिसं तर माझी स्कूटरही टाकते, टायर पहारेकरी जाळतात, शेतातही सापडलं, एकट्या भट्टीला कशाला धरायचं! पण स्कूटरी समितीच्या हातात नव्हत्या. भट्टी होती.

ठरलं असं. भट्टीवर धूर ओढून घेणारं छत्र बसवायचं, धूर कापडी पिशव्यांतून गाळायचा, पांढरी भुकटी त्यात अडकेल ती पोत्यांत भरायची. ते बसेपर्यंत भट्टी बंद. आणि ते बसवायला भट्टी जाणणारं माणूस जवळ हवं, म्हणून काकांची बदली रद्द. पहारेकऱ्यांना टायर जाळायची मनाई झाली, हेही लिहिलं गेलं. छत्राचं मागणीपत्रक भांडारात गेलं. छत्राऐवजी काय येईल ते सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो. मनातला हिशेब मी बसवून ठेवला होता: बदली टळली, मुलीची बारावी इथंच होणार, माणसांचा ताप जाणार. आभार मानले नाहीत तरी चहा मिळेल. काकू दारात आल्या, मला बघितलं आणि आत गेल्या. काका पडवीतच बसले होते. इस्त्रीचा शर्ट अजून अंगावर होता.

“काका, बदली तर रद्द झाली ना,” मी म्हणालो.

“झाली.”

“आणि छत्र बसलं की भट्टी सुरू होईल. पावसाळ्याच्या आत नक्की. मी स्वतः भांडारात पाठपुरावा करतो. मला तुमच्यासाठीच बोलावंसं वाटलं, काका, म्हणजे मी तुमची बाजू...”

काकांनी हात वर करून मला थांबवलं. आवाज मोठा नव्हता, त्यामुळे वर बायकोला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं होतं. ते गेलं.

“साहेब, तुमचं मोजमाप चुकलं तेव्हा माझी भट्टी बंद. बरोबर आलं तेव्हाही माझी भट्टी बंद. आता एकच उपकार करा, पुन्हा कधी माझ्या बाजूनं बोलू नका.”